बैलांच्या गोठ्यावरचं घर: उंब्रियाच्या डोंगरातला सात जणांचा आठवडा

आईने गाडीतून उतरल्यावर आधी जिन्याकडे पाहिलं. घराच्या बाहेरच्या भिंतीला चिकटून वर जाणाऱ्या सतरा दगडी पायऱ्या. एक उंच, एक बुटकी, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. स्वयंपाकघर वर, झोपायच्या तिन्ही खोल्या वर, न्हाणीघर वर. खाली काय आहे ते अंधारात दिसत नव्हतं. "रोज कितीदा चढायचंय हे?" एवढंच तिने विचारलं. तिचे दोन्ही गुडघे दुखतात हे मला माहीत होतं. घराचे सगळे फोटो मी दहा वेळा पाहिले होते आणि त्यातल्या सहा फोटोंत हा जिना होता. किती देखणा आहे म्हणून त्यातला एक मी घरच्यांना पाठवलाही होता.

परत आल्यापासून ओळखीतल्या चार-पाच घरांनी इटलीतल्या उंब्रिया प्रांतातल्या या घराचा पत्ता मागितला. पत्ता देण्याआधी त्या आठवड्यात काय काय घडलं आणि का घडलं, हे सविस्तर लिहून द्यावं असं वाटलं, कारण आमचं जे चुकलं ते जवळपास सगळं एकाच जागी चुकलं. हे घर मुळात कशासाठी बांधलं होतं, हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. आणि त्या आठवड्यात जे मनापासून आवडलं, तेही त्याच प्रश्नाच्या उत्तरात दडलेलं होतं.

कोण होतो आणि काय ठरवलं होतं

आम्ही सात जण. आई-बाबा, वय ७२ आणि ७८. मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक पुण्याहून. दादा-वहिनी जर्मनीहून. भाऊबीज आटोपून निघायचं, २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर २०२५ असा शनिवार ते शनिवार आठवडा. इटलीतली बरीच ग्रामीण घरं अशीच आठवड्याच्या बोलीने मिळतात.

सगळे टस्कनीला जातात, आम्ही शेजारच्या उंब्रियात गेलो, ते बाबांमुळे. बाबांचं बालपण माणगाव तालुक्यात गेलं. त्याच तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचा हा बावीस वर्षांचा जवान. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. जुलै २०२३ मध्ये त्याच खोऱ्यातल्या मोंतोने या डोंगरगावात त्यांच्या नावाचं स्मारक उभं राहिल्याची बातमी बाबांनी कात्रण काढून ठेवली होती. "एकदा जाऊन यायला हवं," असं ते दोन वर्षं म्हणत होते. तेव्हा घर मोंतोनेच्या जवळ हवं, एवढी एकच अट होती. मिळालं ते तिथून आठ किलोमीटरवर.

मग मी वेळापत्रक केलं. रविवारी आसिसी, सोमवारी फ्लॉरेन्स, मंगळवारी सिएना, बुधवारी गुब्बिओ, गुरुवारी मोंतोने, शुक्रवारी पेरुजा. नकाशावर अंतरं काहीच नव्हती. फ्लॉरेन्स तेवढं १४० किलोमीटर, पुण्याहून मुंबईला जाऊन येतोच की. एवढ्या लांबून जायचं तर जास्तीत जास्त बघून घ्यायचं, हा हिशेब. घर म्हणजे रात्री पाठ टेकायची जागा. मोंतोने जवळच होतं, म्हणून ते गुरुवारवर गेलं.

सामानाचं एक सांगायला हवं. युरोपीय संघात बाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणून पेढे आणि घरचं तूप मागे ठेवलं. चिवडा, चकल्या, गूळ आणि दोन किलो ज्वारीचं पीठ बरोबर घेतलं. पिठावर वहिनी हसली होती. पुढे सगळ्यात कामाला आलं ते पीठच.

पहिले दोन दिवस

रोमच्या विमानतळावरून भाड्याची नऊ आसनी गाडी घेतली. इटलीत आपल्या लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो, तो आरटीओतून काढून नेला होता. दोनशेहून अधिक किलोमीटर छान रस्ता होता. शेवटचे तीन किलोमीटर मात्र पांढऱ्या खडीची वाट, डांबर नाही, दिवे नाहीत, समोरून गाडी आली तर एकाने मागे जायचं. त्या तीन किलोमीटरला बारा मिनिटं लागली आणि लेकीला दोनदा उलटी झाली.

घरमालकीण चिखलाचे बूट घालून आली. केसांत ऑलिव्हची पानं अडकलेली. तिने पासपोर्ट घेतले, कारण पाहुण्यांची नोंद चोवीस तासांत पोलिसांकडे करावी लागते, आणि ऑलिव्हची तोडणी चालू आहे, दिवसा आम्ही शेतात असू, असं सांगून ती गेली. स्वागताला कुणी थांबलं नाही याचं मला त्या रात्री वाईट वाटलं. आता वाटतं, तेव्हाच कळायला हवं होतं की आपण हॉटेलात नाही, ऐन सुगीत एका शेतकऱ्याच्या घरी उतरलोय.

त्याच रात्री घड्याळं तासभर मागे गेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात उन्हाळी वेळ संपते, आणि दुसऱ्या दिवसापासून पाच वाजून गेले की सूर्य डोंगराआड. मी वेळापत्रक करताना दिवस सहा-साडेसहापर्यंतचा धरला होता. रविवारी जवळच्या गावातलं किराणा दुकान दुपारी एकला बंद झालं आणि आम्ही एक वाजून दहा मिनिटांनी पोचलो. आसिसी राहिलं. चिवडा आणि कपाटातला पास्ता खाऊन दिवस काढला.

सोमवारी फ्लॉरेन्सला गेलो, आणि हा दिवस मला पुसून टाकायला आवडेल. वळणांच्या रस्त्याने अडीच तास लागले. उफिझी हे तिथलं प्रसिद्ध चित्रसंग्रहालय सोमवारी बंद असतं, हे साधं पाहिलं नव्हतं. पार्किंग शोधताना गाडी जुन्या शहराच्या त्या भागात शिरली जिथे बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. तिथे कोणी अडवत नाही, कमानीवरचा कॅमेरा नंबर टिपतो. गाडीवाल्या कंपनीने कार्डावरून आपलं कामाचं शुल्क आधीच कापून घेतलं, दंडाची नोटीस फेब्रुवारीत आली. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरलं तर तीस टक्के सूट असते, ते तेवढं दादाने वेळेत केलं. आईने त्या दिवशी फ्लॉरेन्समध्ये एका चौकातलं बाकडं पाहिलं. अंधारात खडीच्या वाटेने परत आलो तेव्हा ती जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी येते." पंधरा मिनिटं ती तिथेच होती.

मंगळवारची संध्याकाळ

मंगळवारी पाऊस. सिएना सोडून दिलं. कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांना सुटल्यासारखं झालं हे दिसत होतं. दिवसभर घरात होतो. संध्याकाळी वहिनीने कपडे धुवायचं यंत्र लावलं, बाबांच्या खोलीत गारठा म्हणून कपाटात सापडलेला विजेचा हीटर लावला, आणि मी चहाला किटली लावली. सगळं घर अंधारात.

घरातल्या पेटीतले स्विच वर-खाली करून झाले, काही नाही. मालकिणीला फोन केला तेव्हा उलगडा झाला. इटलीत घरगुती विजेची जोडणी साधारणपणे तीन किलोवॉटची असते. हीटर दोन हजार वॉट, किटली दोन हजार, त्यात पाणी तापवणारं धुण्याचं यंत्र. एवढा भार झाला की थेट मीटरचाच स्विच पडतो, आणि तो मीटरपाशी जाऊनच वर करावा लागतो. मीटर कुठे? वाटेच्या तोंडाशी, टपालपेटीशेजारी, तीनशे मीटर खाली. दादा आणि माझा नवरा मोबाइलच्या उजेडात चिखलातून गेले. झाडीत काहीतरी हलत होतं. सकाळी लेकीला तिथेच साळिंदराचा काटा सापडला, वीतभर, काळा-पांढरा. तो तिच्या पुस्तकात आहे.

पण महत्त्वाची गोष्ट वर घडली. लाईट गेली तेव्हा आई जिन्यात होती. खाली वाळत घातलेला टॉवेल आणायला निघालेली. काळोखात, ओल्या पायरीवर, एक हात भिंतीला लावून ती जिथल्या तिथे बसली आणि हाक मारत राहिली. मालकीण कंदिलासारखा दिवा घेऊन धावत आली तेव्हा तिला आई तशी दिसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. तिने आईचा हात धरला, गुडघ्याकडे बोट दाखवलं, मग खालच्या बंद दाराकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणीला जायच्या आधी मालकीण आणि तिच्या नवऱ्याने ते खालचं दार उघडलं. आत ऑलिव्हच्या जाळ्या, पेट्या, एक लांब टेबल होतं. सामान एका बाजूला सारून त्यांनी तिथे दोन खाटा लावल्या. शेजारी छोटं न्हाणीघर होतं, मागे पाहुण्यांच्या जेवणाची सोय करायचा विचार होता तेव्हा बांधलेलं. याचे जास्तीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

गव्हाण

बाबा आत गेले आणि भिंतीपाशी थांबले. कमरेएवढ्या उंचीवर दगडाचा लांबलचक हौद, भिंतीतच बांधून काढलेला. त्याच्या वर जाड लोखंडी कड्या. "ही गव्हाण आहे," बाबा म्हणाले, "आणि ही दावण. बैल बांधायचे इथे." त्यांनी गव्हाणीच्या कडेवरून तळवा फिरवला. दगड जागोजागी गुळगुळीत झाला होता, बैलांच्या माना घासून घासून. त्यांच्या गावच्या घरी गव्हाण लाकडी होती, पण कड अशीच गुळगुळीत होती म्हणाले.

या एका खोलीतून सगळं घर समजतं. मध्य इटलीच्या या टेकड्यांवर शेकडो वर्षं अर्धेलीची शेती चाले, तिला तिकडे मेझाद्रिया म्हणतात. जमीन आणि घर मालकाचं, कष्ट कुटुंबाचं, पीक अर्धं-अर्धं. प्रत्येक तुकड्यावर एक घर, म्हणजे माणसं शेतातच राहावीत. म्हणून ही घरं गावात नाहीत, एकेकटी टेकडीवर आहेत आणि वाटा बैलगाडीच्या आहेत. तळमजल्यावर बैल, वर माणसं, कारण खालच्या जनावरांची ऊब थंडीत वरच्या फळ्यांमधून येते. आतून जिना काढला तर गोठ्यातली जागा जाते, म्हणून जिना बाहेरून. ज्या पायऱ्यांवर आई अडली, त्या वैरण-पाणी करून दिवसातून वीसदा चढणाऱ्या माणसांसाठी होत्या.

१९६४ च्या कायद्याने इटलीत अर्धेलीचे नवे करार बंद केले. पण त्याच्या आधीपासूनच माणसं कारखान्यांकडे निघाली होती आणि टेकड्यांवरची घरं ओस पडत होती. आपल्याकडे कूळकायद्याने कसेल त्याची जमीन झाली, तिकडे कसणाराच बऱ्याच ठिकाणी उठून गेला. १९८५ मध्ये शेतकऱ्याला स्वतःच्या शेतघरात पाहुणे ठेवायला कायद्याने वाट करून दिली, त्याला आग्रितुरिझ्मो म्हणतात. २००६ च्या नव्या कायद्यातही मुख्य अट तीच आहे: शेती मुख्य, पाहुणे जोडधंदा. आज देशभरात अशी सुमारे २६ हजार ठिकाणं आहेत. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. शेती थांबली की पाहुणेही थांबायला हवेत, म्हणजे घर पाहुण्यांसाठी मांडलेलं नुसतं दुकान होत नाही. आणि याच अटीमुळे आमची मालकीण पहिल्या रात्री पाच मिनिटांत निघून गेली होती.

बुधवार

ऊन पडलं. गुब्बिओ कोणी काढलंच नाही. आम्ही तोडणी बघायला गेलो. झाडाखाली हिरवी जाळी अंथरायची, हातातल्या छोट्या दाताळ्याने फांद्या विंचरायच्या, फळं जाळीवर टपटपतात. उंच फांद्यांना बॅटरीवर हलणारा लांब दांडा. लेक आणि मालकिणीचा मुलगा पानं वेचून काढत होते. बाबा खाली बसून पेट्या भरत होते, आणि शनिवारपासून पहिल्यांदा ते घड्याळ बघत नव्हते.

दुपारी मालकिणीची सासू आली. वय ८४, सगळे तिला नोन्ना म्हणत, म्हणजे आजी. तिचा जन्म अशाच अर्धेलीच्या घरातला. ती आली तेव्हा आई वरच्या चुलाण्याजवळ परात घेऊन भाकरी थापत होती. खाली राहायला गेल्यापासून जिना दिवसातून एकदाच चढायचा होता, तो तिने भाकरीसाठी राखून ठेवला होता.

नोन्ना थांबून बघत राहिली. मग खाली जाऊन एक जाडजूड बिडाची तबकडी घेऊन आली. तिला तेस्तो म्हणतात. पूर्वी ती माती आणि दगडाच्या चुऱ्याची करत. तिच्यावर भाजतात ती तोर्ता अल तेस्तो, उंब्रियाची भाकरी म्हणायला हरकत नाही. गव्हाचं पीठ, पाणी, मीठ, चिमूटभर सोडा. नोन्नाने तेस्तो निखाऱ्यांवर ठेवला, आणि तापला का ते बघायला त्यावर पिठाची चिमूट टाकली. पीठ लगेच काळवंडलं. तिने मान हलवली, तबकडी उचलून जरा बाजूला घेतली, पुसली, पुन्हा चिमूट टाकली. या वेळी पीठ हळूहळू बदामी होत गेलं. आता ठीक.

आईने हे पाहिलं, आणि आपल्या तव्यावर बोटांनी पाणी शिंपडून दाखवलं. थेंब नाचत उडाले. नोन्नाने "आ!" केलं. तिथून पुढे दीड तास दोघी एकमेकींना दाखवत होत्या. नोन्नाची तोर्ता बोटभर जाड, काट्याने टोचलेली, तळहाताने गोल गोल फिरवत भाजायची. आईची भाकरी पातळ, थापलेली, वरून पाण्याचा हात, मग उलटून निखाऱ्याला लावली की टम्म. भाकरी फुगली तेव्हा नोन्नाने तिच्या पाठीवर थाप मारली, भाकरीच्या नव्हे, आईच्या. तोर्ता मधून चिरून तिच्यात रानभाजी परतून भरली. उकडून, लसूण आणि तेल घालून केलेली ती भाजी आई "आपल्या चाकवतासारखी" म्हणाली. भाकरीवर नव्या तेलाची धार. तेल शेवाळी हिरवं, घशाला झोंबणारं, आदल्याच दिवशी घाण्यावरून आलेलं.

एका चुलीवर दोन भाकऱ्या असलेला तो फोटो आमच्याकडे आहे. फ्लॉरेन्समधला एकही फोटो कोणी पुन्हा उघडलेला नाही.

मोंतोने

गुरुवारी सकाळी खोऱ्यात धुकं भरलं होतं. टायबरच्या खोऱ्यात या दिवसांत असं होतं: खाली पांढरं, वर टेकड्यांचे माथे उन्हात. मोंतोने असंच एका माथ्यावर आहे, तटबंदीतलं, दगडी, चढणीच्या गल्ल्यांचं. गाडी खाली ठेवून आम्ही आईच्या चालीने चढलो. वेळापत्रकात या गावाला दीड तास दिला होता. दिवसभर राहिलो.

स्मारक म्हणजे सूर्यघड्याळ आहे. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ असा: आपण सारे एकाच सूर्याखाली. बाबा त्यासमोर टोपी काढून उभे राहिले. मग त्यांनी नातीला गोष्ट सांगितली, अगदी सावकाश. घाडग्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला, ते सोडून सगळे पडले किंवा जखमी झाले. ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, एकाला गोळी घातली, आणि गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांशी भिडले. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. त्यांची कबर नाही, इटलीतल्या कासिनोच्या युद्धस्मारकावर नाव आहे. इटलीतल्या त्या सगळ्या युद्धमोहिमेत पन्नास हजारांवर भारतीय सैनिक होते आणि ५,७८२ परत आले नाहीत. "माणगावहून इथवर," बाबा म्हणाले आणि खालच्या धुक्याकडे बघत राहिले. लेकीने विचारलं, त्यांना इथली थंडी वाजली असेल का. जुलै होता गं, बाबा म्हणाले, पण त्या आधीचा हिवाळा काढलेले आपले कितीतरी जण होते इथे.

मला त्या वेळी स्वतःचा राग आला. ज्या कारणासाठी आम्ही या खोऱ्यात आलो, ते घरापासून आठ किलोमीटरवर होतं, आणि मी ते पाचव्या दिवसावर टाकलं होतं. रविवारी किंवा मंगळवारी बाबांचं काही दुखलं-खुपलं असतं तर ते राहून गेलं असतं. जवळचं नंतर बघू, ही सवय प्रवासात फार महाग पडू शकते.

शुक्रवारी सकाळी आम्ही घाण्यावर गेलो. आमच्या हातचीही फळं त्या पेट्यांत होती: २४० किलोतून ३१ किलो तेल निघालं, आकडा यंत्रावर दिसला तेव्हा मालकीण खूश होती. दुपारी तासाभराच्या आतल्या अंतरावरची सानसेपोल्क्रो आणि मोंतेर्की ही दोन गावं करून आलो. मोंतेर्कीत पिएरो देल्ला फ्रान्चेस्का या जुन्या इटालियन चित्रकाराने रंगवलेली गरोदर मेरी आहे, एका छोट्या इमारतीत ते एकच चित्र. आईने त्या बाईच्या पोटावरच्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. बसायला बाक होतं, गर्दी नव्हती. वाटेत बंद पडलेल्या तंबाखूच्या भट्ट्या दिसल्या, हे खोरं तंबाखूचं. पेरुजाला गेलो नाही.

घर घेताना काय विचारलं असतं

आता परत घर घ्यायची वेळ आली तर मी फोटो शेवटी बघेन. आधी लिहून विचारेन: झोपायची एक तरी खोली आणि न्हाणीघर तळमजल्यावर आहे का, मधे पायऱ्या किती. डांबरी रस्ता कुठे संपतो आणि पुढे किती मिनिटं. किलोमीटर नाही, मिनिटं, आणि तीही अंधारातली. वीज किती किलोवॉटची, मीटर कुठे. गरम ठेवायचा खर्च भाड्यात धरलाय की वेगळा. हे शेवटचं आम्हाला निघताना कळलं. त्या भागात घरं १५ ऑक्टोबरपासून गरम करायची मुभा असते, पण टेकडीवर गॅसची पाइपलाइन नाही, अंगणात पुरलेली टाकी असते आणि मीटरप्रमाणे पैसे. करारात एका इटालियन ओळीत ते लिहिलेलं होतं. १२६ युरो झाले. त्यांनी काही लपवलं नव्हतं, आम्ही ती ओळ भाषांतर करून वाचली नव्हती. एक तक्रार मात्र मी ठेवते: ज्या संकेतस्थळावरून घर घेतलं तिथे पोहण्याच्या तलावासाठी खूण होती, वाय-फायसाठी होती, जिन्यासाठी नव्हती. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्याला सगळ्यात आधी तीच लागते.

आणि शेतात त्या आठवड्यात काय काम चालू असेल, हेही विचारेन. सुगी असेल तर मालकांना वेळ नसेल, पण हात लावू द्याल का म्हणून विचारता येईल. मे महिन्यात गेलो असतो तर दिवस मोठे मिळाले असते आणि चुलाण्यापाशी कोणी बसलं नसतं. माझ्या मते आई-बाबांच्या वयाला ऑक्टोबरच बरा, फक्त शहरं दोनच्या वर नकोत, आणि तीही तासाभराच्या आतली. फ्लॉरेन्स बघायचं असेल तर दोन रात्री फ्लॉरेन्समध्येच राहावं.

शनिवारी १ नोव्हेंबर, तिकडे सगळ्या संतांचा सण, दुकानं बंद. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं वाहतात. मालकीण मीटरचा आकडा लिहून घेत होती तेव्हा नोन्ना अंगणात शेवंतीच्या कुंड्या गाडीत ठेवत होती, पांढऱ्या आणि पिवळ्या, सात-आठ. आईने विचारलं, एवढी शेवंती कशाला. वहिनीने सांगितल्यावर आई गप्प झाली, आपल्याकडे ती दसऱ्याच्या तोरणात असते. बाबा मात्र पुढे गेले. एका पिवळ्या कुंडीकडे बोट दाखवून त्यांनी मोंतोनेच्या दिशेला हात केला, आणि म्हणाले, "घाडगे." नोन्नाला नाव कळलं की नुसती दिशा, कोण जाणे. तिने कुंडी उचलून त्यांच्या हातात दिली.

आठ किलोमीटरला पंचवीस मिनिटं लागली. धुकं वर चढत होतं आणि सूर्यघड्याळावर सावली पडली नव्हती. बाबांनी कुंडी पायथ्याशी ठेवली, जरा सरळ केली, आणि आईच्या खांद्याला धरून उतरणीला लागले.